कुजबुजीची बटणं

लोक एकमेकांना नावं ठेवतात आणि त्यासाठी त्यांना कुणी नोकरीवर ठेवत नाही. आमची कुजबूज बटणांना नावं ठेवते आणि तीच तिची नोकरी आहे.

बटणं म्हणजे शर्टाची नव्हेत, फोनमधली. काचेवर रंगीत चौकोन दिसतात, त्यांवर इंग्रजीत एखादा शब्द असतो, ‘सेंड’, ‘नेक्स्ट’, ‘बॅक’, आणि आपण बोट टेकवतो. हे शब्द कुणीतरी निवडतं हे मला सत्तरी उलटेपर्यंत माहीत नव्हतं. बाळ जसं नाक घेऊनच जन्माला येतं, तसा फोनही ते शब्द घेऊनच येत असेल असं मला वाटायचं. तसं नसतं. कुणीतरी टेबलाशी बसून एक शब्द लिहितं, खोडतं, दुसरा लिहितं आणि मग पहिलाच बरा होता म्हणून उसासा टाकतं.

कुजबूज हे नाव तिला आमच्या नाटक मंडळीने दिलं. तिची आई आमची प्रॉम्प्टर होती. नट वाक्य विसरला की विंगेतून, म्हणजे रंगमंचाच्या कडेच्या पडद्याआडून, हळूच शब्द पुरवायचं तिचं काम. ती बाई डाव्या विंगेत एका बुटक्या स्टुलावर बसायची. मांडीवर संहिता, हातात कागद गुंडाळलेली बॅटरी आणि पायाशी, कपड्यांच्या पेटीवर, ही पोर. शाळा सुटली की पोर थेट विंगेत. त्यामुळे तिचा आवाज कधी मोठा झालाच नाही. घरी जेवताना मीठ मागायची तेसुद्धा असं, की समोरचा ‘मीठ’ हा शब्द विसरलाय आणि ही त्याला तो पुरवतेय. नाव चिकटलं ते चिकटलंच. आता ती चाळिशीत आहे, दोन मुलांची आई आहे, तिचा नवरा लिफ्ट दुरुस्त करतो आणि तोही तिला कुजबूज म्हणतो.

“माझ्या बटणांवर नुसते आकडे,” असं तो तिला चिडवतो. “आजवर कुणी विचारलं नाही, की तीन म्हणजे काय हो?”

“तुझ्या बटणांना मेलं कुठे नेऊन सोडायचं ते ठाऊक असतं,” ती पुटपुटते. “माझ्यांना ते माणसाला सांगायचं असतं.”

तिच्या आईने तिला दोन गोष्टी शिकवल्या. पहिली अशी, की नटाला पूर्ण वाक्य कधी द्यायचं नाही. पहिला शब्द द्यायचा, आणि तोही असा, की आता काय करायचंय ते त्याला उमगेल. तेवढं मिळालं की पुढची गाडी आपली आपण धावते. दुसरी गोष्ट ती एका फजितीतून शिकली.

आमच्यात एक खलनायक होते. अजूनही आहेत. आमच्याच इमारतीत तळमजल्यावर राहतात. आयुष्यभर त्यांनी विष घातलं, सुऱ्या खुपसल्या, विधवांची घरं लुबाडली. प्रत्यक्षात त्यांना झुरळ मारायलाही शेजारी बोलवावे लागतात. तर एका प्रयोगात राजा झोपलेला, खलनायक सुरी उगारून उभे, आणि त्यांनी विराम घेतला. काय विराम होता! अख्खं प्रेक्षागृह श्वास रोखून बसलेलं. त्या दिवशी प्रॉम्प्टरबाई खोकल्याने बेजार होऊन पाणी प्यायला उठल्या होत्या आणि स्टुलावर ही सात-आठ वर्षांची पोर. तिला वाटलं, काका विसरले. विंगेतून टाचणी पडावी तशा स्पष्ट आवाजात तिने पहिला शब्द दिला, “मार!”

प्रेक्षागृह कोसळलं. मेलेला, म्हणजे मरायचा असलेला राजासुद्धा पांघरुणाखाली गदगदत होता.

खलनायक रागावले नाहीत. त्यांना ते कधी जमलंच नाही. पण प्रॉम्प्टरबाईंनी पोरीला जवळ घेतलं आणि सांगितलं, “अगं, थांबणं वेगळं आणि विसरणं वेगळं. थांबलेल्या नटाचा श्वास पोटात असतो, विसरलेल्याचा छातीत अडकतो. चेहऱ्याकडे बघू नकोस. चेहरा खोटं बोलण्यासाठीच ठेवलेला असतो. तू ऐक.” मी तेव्हा शेजारीच माझ्या एन्ट्रीची वाट बघत उभी होते, म्हणून हे मला जसंच्या तसं आठवतं.

मंडळी यथावकाश बंद पडली. आमच्या नाट्यगृहात आता गाद्यांचं दुकान आहे. ज्या जागी मी शेकडो वेळा प्राण सोडला तिथे आज दोन उशांवर एक मोफत मिळते. वाईट वाटतं, पण एक मान्य करायला हवं, आता तिथे पडायला मऊ आहे.

प्रॉम्प्टरबाई गेल्या. कुजबूज नोकरीला लागली ती एका छोट्या कचेरीत, फोनमधली ॲप बनवणाऱ्या. कचेरी चष्म्याच्या दुकानाच्या वर, दुसऱ्या मजल्यावर. चार टेबलं, एक किटली आणि चौकात उघडणारी एक खिडकी. तिथे ती कानाला हेडफोन लावून गिऱ्हाइकांचे फोन घ्यायची. दिवसभर एकच प्रश्न, आवाज वेगवेगळे. “बाई, आता मी काय दाबू?” आणि ही त्यांना विंगेतून द्यावं तसं एकेका शब्दाने पुढे न्यायची. आमच्या शहरात एका जिन्यावर पाच भाषा नांदतात, म्हणून फोनमध्ये सगळं इंग्रजी. इंग्रजी आमच्याकडे इमारतीच्या जिन्यासारखी आहे. कुणाच्याच घरातली नाही, पण सगळ्यांच्या पायाखालची. कुणी भराभर चढतं, कुणी कठडा धरून. कुजबुजीची गिऱ्हाइकं कठडा धरणाऱ्यांतली.

मग तिने हळूहळू प्रोग्रामरच्या टेबलाशी जाऊन उभं राहायला सुरुवात केली. तो एक दाढीवाला गृहस्थ, कामात वाघ आणि शब्दांच्या बाबतीत बेफिकीर. बटणावर लिहायला शब्द लागतो तर पहिला सुचेल तो टाकायचा.

“हे ‘प्रोसीड’ काढा ना,” ही म्हणायची.

“का? बरोबर आहे की.”

“बरोबर आहे. पण सकाळपासून सगळे मलाच विचारतायत प्रोसीड म्हणजे काय.”

“आणि ‘सबमिट’? त्याला तरी हात लावू नका, ताई. सबमिट सगळीकडे असतं.”

“सगळीकडे तर धूळही असते.”

हे कचेरीच्या मालकांच्या कानावर गेलं. मालक सज्जन माणूस. प्रत्येक वाक्याची सुरुवात ‘थोडक्यात सांगतो’ अशी करतात आणि मग किटली दोनदा उकळते. त्यांनी हिला बोलावलं. थोडक्यात असं, की सांधेदुखीच्या एका क्लिनिकचं काम आलं होतं. क्लिनिककडे एक व्हॅन होती, म्हाताऱ्या माणसांना घरून व्यायामाला नेणारी. ती फोनवरून बोलावता यावी म्हणून ॲप हवं होतं. “यातल्या बटणांचे शब्द तुम्ही ठरवा,” मालक म्हणाले. “म्हाताऱ्या माणसांनी कुणालाही न विचारता व्हॅन बोलावली, तर शब्दांचं टेबल तुमचं, कायमचं. नाही जमलं, तर हेडफोन आहेच. आणि शब्द परत दाढीवाल्याकडे.”

त्या संध्याकाळी ती माझ्याकडे आली. खुर्चीच्या टोकावर बसली. चहा निवत ठेवला.

“मावशी, मला ते टेबल हवंय गं,” ती म्हणाली. मी तिला लहानपणापासून ओळखते. तिने काही हवंय म्हणून सांगितल्याची ही पहिलीच वेळ. तेही असं, की मलाच पुढे वाकून ऐकावं लागलं.

मग तिचं काम सुरू झालं. बसमध्ये, स्वयंपाक करताना, माझ्याकडे येताना जिना चढत, ती शब्द तोंडात घोळवायची. तिची एक पद्धत होती. बटणावरचा शब्द माणसाने स्वतः मोठ्याने म्हणून बघायचा. तो त्याच्या तोंडी शोभला तर ठेवायचा. “मावशी, ‘सबमिट’ असं तू घरात कुणाला म्हणशील?”

“मी घरात एकटी असते.”

“तरी.”

“नाही म्हणणार. कुणी शरण आल्यासारखं वाटतं.”

“आणि ‘सेंड’?”

“तो काय, येता-जाता म्हणते. भाजीवाल्यालासुद्धा म्हणते, सेंड कर वर.”

असं करत पहिलं बटण ठरलं, ‘आय नीड द व्हॅन’. दाढीवाला म्हणाला, हे बटण आहे की निबंध? पण ठेवलं. दुसऱ्या पानावर वेळ निवडायची, ‘मॉर्निंग’ किंवा ‘आफ्टरनून’, आणि खाली ‘कंटिन्यू’. शेवटच्या पानावर निवडलेली वेळ दिसणार आणि त्याखाली बटण. इथे अडलं. मालकांना ‘कन्फर्म’ हवं होतं.

“थोडक्यात सांगतो, कन्फर्म या शब्दाला वजन आहे.”

“आहे ना, साहेब. म्हणूनच उचलायला जड जाईल.”

बराच वेळ वाद झाला. शेवटी ठरलं, म्हाताऱ्या माणसांकडून करवून बघू. ते अडले तर शब्द बदलायचा, नाही अडले तर ‘कन्फर्म’.

म्हातारी माणसं आणायची कुठून? तिने आम्हालाच धरलं. आम्ही तिघं एकाच इमारतीत राहतो. तळमजल्यावर खलनायक, दुसऱ्या मजल्यावर मी आणि तिसऱ्यावर राणीसाहेब. राणीसाहेब म्हणजे आयुष्यभर राणीच्याच भूमिका केलेल्या आमच्या थोर नटी. दूधवाल्याशी बोलतानाही त्यांची मान सिंहासनावर असते. तिघांचेही गुडघे कामातून गेलेले, तिघांचीही नावं त्या क्लिनिकमध्ये. याहून योग्य माणसं कुठे मिळणार, असं तिला वाटलं. आम्हालाही वाटलं.

तालीम माझ्या बैठकीत झाली. कुजबुजीने तीन फोन आणले होते. ते अजून व्हॅनला जोडलेले नव्हते, नुसतेच सरावाचे. “काही शिकवणार नाही,” ती म्हणाली. “तुम्हाला व्हॅन हवी आहे असं समजा आणि बोलवा. मी फक्त बघणार.” आणि ती समोर बसली. प्रेक्षकांच्या जागी.

तिचं चुकलं ते इथे. आम्हाला प्रेक्षक मिळून किती वर्षं झाली होती!

राणीसाहेबांनी फोन हातात घेतला तो राजमुद्रा घ्यावी तसा. पहिलं बटण दाबलं, डोळे किंचित मिटले, दुसरं दाबलं, स्मित केलं, फोन तबकात ठेवल्यासारखा टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, “रथ निघाला.”

खलनायक उठून उभे राहिले. “आय नीड द व्हॅन!” असे गरजले, की खालच्या मजल्यावरचं कुत्रं भुंकलं. मग दोनदा बोट टेकवलं, शेवटचं पान आपल्या त्या प्रसिद्ध खर्जात वाचून दाखवलं, “मॉर्निंग. टेन ओ’क्लॉक. कन्फर्म!” आणि लवून फोन ठेवला.

मीही केलं. ‘कंटिन्यू’पाशी मला क्षणभर काही सुचेना. पण समोर कुजबूज आशेने बघत होती, म्हणून मी हात असा वळवला, की विचार करतेय असं दिसावं, आणि देवाचं नाव घेऊन दाबलं. शेवटच्या पानावर वेळ दिसली. झालं असेल, असं समजून मी हसले.

“कुठे अडलं का?” तिने विचारलं.

“छे!” आम्ही तिघंही म्हणालो. सुरात.

कुजबुजीने टाळ्या वाजवल्या. टाळ्या ऐकल्यावर आम्ही कुठले थांबतो! खलनायकांनी विषप्रयोगाचा प्रवेश करून दाखवला, राणीसाहेबांनी वनवासाला निघण्याचा. चहा झाला, बिस्किटं झाली. फोन टेबलावर होते तिथेच काळे होऊन पडले आणि त्यांत काय राहिलंय ते बघायचं कुणाच्या ध्यानातच आलं नाही. दुसऱ्या दिवशी तिने मालकांना सांगितलं, कुणी अडलं नाही. ‘कन्फर्म’ कायम झालं.

पुढच्या आठवड्यात खरी परीक्षा होती. आम्हीच पहिले रुग्ण. सकाळी आपापल्या घरून, आपापल्या फोनवरून व्हॅन बोलवायची, आणि अट एकच, कुणाला विचारायचं नाही. कुजबूज, मालक आणि क्लिनिकचे डॉक्टर तिकडे दारात आमच्या स्वागताला उभे राहणार होते.

आम्ही नटून बाहेर आलो. खलनायकांनी टाय बांधला होता. इमारतीच्या पायऱ्यांवर आम्ही तिघं बसलो आणि वाट बघू लागलो. दहा वाजून गेले. रस्त्यावरून पावाची गाडी गेली, कचऱ्याची गेली, एक पियानो घेऊन टेम्पो गेला. व्हॅन नाही.

“वाहतूक असेल,” मी म्हणाले.

“राणीला वाट बघायची सवय असते,” राणीसाहेब म्हणाल्या आणि पर्समधून आरसा काढला.

पहिल्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाई पिशवी घेऊन बाहेर पडल्या. “कुठे निघालात तिघं?”

“निघालो कुठे? ऊन खातोय,” खलनायक म्हणाले. आभाळ भरून आलेलं होतं.

तुम्ही म्हणाल, फोन उघडून बघायचा की. पण रंगमंचावर काही चुकलं तर आम्हाला एकच शिकवलंय, प्रेक्षकाला कळू द्यायचं नाही. तलवार तुटली तर मुठीने लढा. दार उघडलं नाही तर खिडकीतून जा. आणि प्रेक्षक कुठेही असू शकतो. पायऱ्यांवर बसलेल्या आम्हा तिघांपैकी प्रत्येकाला वाटत होतं, की आपलं काही चुकलं असेल, पण या दोघांनी तर बोलावलीच असणार.

साडेदहाच्या सुमाराला कुजबूज आली. चालत, जवळजवळ धावत. आम्हाला बघून थबकली.

“किती वेळ बसलाय?”

“आत्ताच आलो,” राणीसाहेब म्हणाल्या.

कुजबुजीने हात पुढे केला. मी माझा फोन दिला, खलनायकांनी त्यांचा दिला, आणि राणीसाहेबांनी बराच वेळ पर्समध्ये शोधून शेवटी त्यांचा. तिन्ही फोनांवर एकच पान होतं. ‘मॉर्निंग. टेन ओ’क्लॉक.’ आणि खाली, कुणीही न दाबलेलं, ‘कन्फर्म’.

“काका,” ती म्हणाली, “हे का नाही दाबलंत?”

“दाबायचं कशाला? लिहिलंय की खाली, कन्फर्म. म्हणजे झालं की पक्कं.”

“आणि तालमीत?”

“तालमीतही असंच केलं होतं.” खलनायकांचा आवाज लहान झाला. “तू टाळ्या वाजवल्यास.”

तेवढ्यात तिचा फोन वाजला. मालक. तिने तो कानापासून जरा दूर धरला होता, म्हणून आम्हालाही ऐकू आलं. थोडक्यात असं, की डॉक्टर खोळंबलेत, व्हॅन दारात उभी आहे, ड्रायव्हरचा पेपर दोनदा वाचून झालाय. जेवणाच्या सुट्टीपर्यंत कुणी व्हॅन बोलावली तर ठीक, नाही तर उद्यापासून शब्द दाढीवाल्याकडे आणि तिने हेडफोन लावावा.

“बरं, साहेब,” ती म्हणाली आणि पायरीवर बसली. चेहरा पांढरा. मला वाटलं, आता ही रडेल. आमच्यावर रागावली असती तरी चाललं असतं. खलनायक टायशी चाळा करत होते. राणीसाहेबांनी, मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं, मान खाली घातली होती.

मग कुजबूज स्वतःशीच हसली. “आई असती तर कान उपटला असता माझा,” ती म्हणाली. “समोर बसून चेहरे बघत होते मी. नटांचे! उठा. आत चला.”

इमारतीच्या दारातच, पत्रपेट्यांसमोर, जुना बाक आहे. तिने आम्हाला त्यावर बसवलं, भिंतीकडे तोंड करून. चौकीदाराचं बुटकं स्टूल ओढलं आणि स्वतः आमच्या मागे बसली.

“आता करा. तोंडाने काय हवा तो अभिनय करा, मला दिसणार नाही.”

“मी पाठीनेही अभिनय केलेला आहे,” राणीसाहेब म्हणाल्या. “समीक्षकांनी नावाजलेला.”

“माहीत आहे, राणीसाहेब. मी तेव्हा पेटीवर बसले होते. करा तुम्ही.”

आम्ही पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. समोर भिंत आणि पत्रपेट्या. पत्रपेट्यांना कुणी काय दाखवणार? ‘आय नीड द व्हॅन’ तिघांनीही सरळ दाबलं. ‘मॉर्निंग’ दाबलं. मग शांतता. मला माझाच श्वास ऐकू आला, छातीत अडकलेला, आणि मागून तितक्याच हलक्या आवाजात तिचा प्रश्न, “मावशी, आता काय व्हावं असं वाटतंय तुला?”

“काही व्हायला कशाला हवंय?” मी भिंतीला म्हणाले. “सकाळ सांगितली ना मी. झालं की. हे कंटिन्यू कशाला मध्ये? अजून काही राहिलंय का माझ्याकडून?”

“नाही राहिलं.” ती कुणाशी तरी फोनवर बोलली. “दाढीवाले, मधलं बटण काढून टाका. वेळ दाबली की थेट शेवटचं पान.”

“आत्ता?” पलीकडून आवाज आला. “चहा पितोय मी.”

“एका हाताने प्या.”

शेवटचं पान. ‘कन्फर्म’. माझं बोट काचेपर्यंत गेलं आणि मागे आलं. शेजारी खलनायकांचंही तसंच.

“काका, आता काय व्हायला हवंय?”

“व्हॅन यायला हवीय, दुसरं काय.”

“मग कुणाला सांगाल?”

“त्या क्लिनिकवाल्यांना.”

“काय सांगाल? इंग्रजीत. तुमच्या इंग्रजीत.”

खलनायकांनी घसा खाकरला. पत्रपेट्यांकडे बघत, कसलाही खर्ज न लावता, सर्दी झालेल्या माणसासारखे ते म्हणाले, “सेंड व्हॅन.”

मागे स्टूल करकरलं.

“राणीसाहेब, तुम्ही काय म्हणाल?”

“आम्ही हुकूम करतो. सेंड द व्हॅन. ॲट वन्स.”

“ॲट वन्स मावणार नाही,” कुजबूज म्हणाली, आणि तिच्या आवाजात हसू होतं. मग फोनमध्ये, “दाढीवाले, कन्फर्म काढा. ‘सेंड व्हॅन’ लिहा. आणि दाबल्यावर ते बटण नाहीसं होऊ दे, त्या जागी मोठ्या अक्षरांत, ‘व्हॅन इज कमिंग’. म्हणजे पक्कं झालं ते त्यांना तेव्हाच कळेल, आधी नाही.”

“मालकांना विचारलंत?”

“मालक व्हॅनपाशीच उभे आहेत. ती हलली की त्यांना कळेलच.”

आम्ही वाट बघत बसलो. पत्रपेट्यांवरची धूळ मी पहिल्यांदाच इतक्या जवळून बघितली. मग तिने आमच्या फोनांवर काहीतरी ताजं करून घेतलं आणि ते परत आमच्या हातात दिले. तीन फोन, तीन हिरवे चौकोन. ‘सेंड व्हॅन.’ 

कुणी गरजलं नाही, कुणी मान वेळावली नाही. खलनायकांनी बोट टेकवलं आणि लगेच उचललं, आंघोळीचं पाणी तापलंय का बघावं तसं. चौकोन गेला. अक्षरं आली. ते वाचत राहिले. मग आमच्याकडे न बघता म्हणाले, “येतेय म्हणे.”

मी दाबलं. राणीसाहेबांनी दाबलं.

थोड्या वेळाने कोपऱ्यावरून ती पांढरी व्हॅन वळली. रंगमंचावर मी राजे येताना पाहिलेत, सेनापती पाहिलेत, एकदा तर खरा घोडा. पण इतक्या जोरात टाळ्या मी कुणाच्या एन्ट्रीला वाजवल्या नाहीत. ड्रायव्हर बिचारा भांबावला. त्याच्या शेजारून मालक उतरले. त्यांनी माझ्या हातातला फोन घेतला, सगळी पानं पुढे-मागे करून पाहिली आणि म्हणाले, “फारच साधं दिसतंय हो.”

“साधंच आहे, साहेब,” कुजबूज म्हणाली. “म्हणून वेळ लागला.”

मालकांनी पुन्हा एकदा पाहिलं. तोंड उघडलं. आम्ही सगळे ‘थोडक्यात’ची वाट बघू लागलो. पण ते एवढंच म्हणाले, “खिडकीजवळचं टेबल घ्या. उजेड चांगला आहे.”

इतकं आखूड भाषण मालकांनी त्याआधी कधी केलं नव्हतं, असं दाढीवाला नंतर सांगत होता.

आता तिचं टेबल खिडकीपाशी आहे. मी एकदा जाऊन बघून आले. टेबलावर कागदांचे कपटे, प्रत्येकावर एकेक शब्द. बाजूला एक बुटकं स्टूल. नवीन ॲप आलं, की ती चष्म्याच्या दुकानातून, चौकातून, बसथांब्यावरून माणसं बोलावते, त्यांना भिंतीकडे तोंड करून बसवते आणि स्वतः मागे त्या स्टुलावर. कचेरीतले लोक त्या कोपऱ्याला विंग म्हणू लागलेत. दाढीवालाही आता शब्द टाकण्याआधी मान वळवून विचारतो, हे तुमच्या मावशी म्हणतील का?

व्हॅन आठवड्यातून दोनदा येते. खलनायक टाय बांधून बसतात. फोन हातात घेतात, दाबतात आणि दर वेळी आम्हाला सांगतात, येतेय म्हणे.

परवा कुजबूज नवं काहीतरी घेऊन माझ्याकडे आली, धोब्याकडून कपडे मागवायचं. मला भिंतीकडे वळवून खुर्चीत बसवलं आणि मागे बसली. मी दोन पानं सरळ पार केली. तिसऱ्या पानावर हिरवा चौकोन, त्यावर ‘ब्रिंग माय क्लोद्स’. कळलं होतं मला. स्वच्छ कळलं होतं. पण बोट काचेवर नेऊन मी तसंच अधांतरी धरलं. श्वास पोटात घेतला. काय करणार, हात शिवशिवतात अजून. खोलीत घड्याळ टिकटिकत होतं, खालून मुलांचा आवाज येत होता, आणि मी थांबले, थांबले, अगदी शेवटच्या क्षणापर्यंत.

मागून प्रश्न आला नाही. कुजबूज चहा पीत होती.